निळी दाढ

दाढबाई बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, जबड्याकडे बघत. एकदा कँटीनमध्ये मी मिसळ खात होतो. त्या माझ्या जबड्याकडे बघत म्हणाल्या, "ग्रंथपाल, तुम्ही फरसाण उजवीकडेच चावता. डावीकडे काय लपवलंय?"

डावीकडे सिमेंट भरलेली दाढ होती. ठाण्यातल्या आमच्याच दंतमहाविद्यालयात, विभागप्रमुखांनी नव्या सिमेंटने भरून दिलेली.

दाढबाई हे कॉलेजने पाडलेलं नाव; बाई मूळच्या इंजिनिअर. आधी पुलांची गणितं करत, मग आमच्याकडे कंत्राटावर संशोधनाला आल्या. राहायला डोंबिवलीला. पूल काय नि दाढ काय, वजन शेवटी खाली उतरवायचं, असं त्यांचं म्हणणं. स्कॅनवरून दाढ संगणकात उभी करायची, तिचे बारीक तुकडे पाडायचे आणि वरून चावण्याचा भार द्यायचा. ताण जास्त तिथे लाल, कमी तिथे निळं. शेजारी रंगांची उभी पट्टी, तिच्या वरच्या टोकाला एक आकडा: दाढ सोसू शकेल तेवढा ताण. कुणी चित्राला सुंदर म्हटलं की त्या चिडत. "रंग मी देत नाही, दाढ देते."

माझी दाढही त्यांनी अशी मांडली. सिमेंट निळं, शाबूत. त्याला लागून उरलेली जिभेकडची पातळ भिंत लालभडक. म्हणाल्या, "या बाजूने चकली खाऊ नका. सिमेंटला काही होणार नाही, तुम्ही तुटाल."

विभागप्रमुखांना ते चित्र सिमेंटच्या कंपनीला दाखवायचं होतं. ते वाचनालयातच दाढबाईंना समजावत होते. "मॅडम, पट्टीच्या टोकाचा आकडा जरा वाढवा ना. बाकी काही बदलू नका." टोक वाढवलं की तोच ताण निळा दिसतो, तोंडाने खोटं बोलावं लागत नाही. दाढबाई हसल्या.

"सर, पुलाला तडा गेला तर लोकांना लांबून बघायला सांगायचं का?"

त्या वर्षी त्यांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. त्यांचा संगणक फीच्या खिडकीत गेला. त्या कल्याणला एका क्लासमध्ये गणित शिकवू लागल्या. फोनवर माझ्याआधी दाढेची चौकशी करत. पुढे ती साध्या पोळीच्या घासाला तुटली, जिभेकडूनच. मी कळवलं. "खरी ठरले तर बरं वाटेल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "नाही वाटत."

दाढ तुटली त्याच वर्षी बाई आजारपणात गेल्या.

शोक करण्यात आमचं कॉलेज तत्पर आहे. सभागृहात शोकसभा झाली. विभागप्रमुख भाषणाला उभे राहिले. बाईंचं काम म्हणून त्यांनी पडद्यावर एक दाढ दाखवली. माझीच. सगळी निळी. खाली बाईंचं पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. या कॉलेजात ते असं मी पहिल्यांदाच पाहिलं. पट्टीच्या टोकाशी नवा, मोठा आकडा होता, बारीक अक्षरांत.

मग दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. पडद्यावर दाढ अखंड होती. माझी जीभ तिच्या तुटलेल्या कडेवर होती.