खिसा नसलेला सदरा

मंडी मोहल्ल्यातल्या त्या शिंप्याचं नाव मी विचारलं नाही. मुलीच्या लग्नासाठी सदरा शिवायला गेलो, तेव्हा माझ्या हातात फाशीच्या कैद्याच्या तोंडून सांगितलेली रहस्यकादंबरी होती. मापं घेताघेता त्याने गोष्ट विचारली.

"शेवटच्या दिवशी तो कैदी तुरुंगातल्या सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढतो," मी म्हणालो.

"खोटं हो, सार!" तो कानडी हेलात म्हणाला. " त्या सदऱ्याला खिसा कुठला?"

"तुम्हाला काय ठाऊक?"

"दोन वर्षं घातलाय की. मग फाशीची जन्मठेप झाली. शिवण आतच शिकलो." माझ्या गळ्याभोवती टेप धरून तो "साडेपंधरा" म्हणाला आणि थांबला. "शिवू, की कापड परत नेता, सार?"

त्याची बोटं स्थिर होती.

"माझा गळा सोळाचा आहे," मी हनुवटी वर करून म्हणालो. "पुन्हा मोजा."