अर्जातले बाबा

आमच्या बिल्डिंगवरून खारी गावाकडे जाताना डाव्या हाताला पत्र्याचं कुंपण लागतं. आत गुडघाभर गवत, राडारोडा आणि लाल-पांढरे रंगवलेले थोडे टायर. तिथे सव्वा वर्ष छोट्या मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक होता. तो बंद पाडणारा अर्ज मी लिहिला. खाली सह्या सगळ्या सोसायटीच्या होत्या, पण शब्द माझे, आणि त्यातला एक परिच्छेद म्हणजे शुद्ध हरामखोरी. बायकोलाही मी हे अर्धंच सांगितलंय.

ट्रॅक उभा केला समुद्राकाठच्या डोंगरी गावातल्या एका माणसाने. आयुष्यभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला, चाळिशीचा, हाताला कायम ग्रीस. लोक कचरा टाकायचे तो प्लॉट त्याने भाड्याने घेतला, सपाट केला, डांबर ओतलं, वळणावळणाला टायर रचले आणि जमिनीला टेकलेल्या आठ बुटक्या गाड्या आणून ठेवल्या. आधी आम्ही हसलो. ज्या गावात रिक्षाला सरळ जायला जागा नाही, तिथे हा रेस लावणार! पण दिवाळीपर्यंत पार स्टेशनकडच्या केबिन रोडवरून पोरं थव्याने यायला लागली. वाढदिवस तिथे, ऑफिसच्या पार्ट्या तिथे. रविवारी खरोखरच्या शर्यती व्हायच्या आणि कोणाचा फेरा किती सेकंदांत झाला ते फळ्यावर लिहिलं जायचं.

आणि आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बसून बाबा ते सगळं बघायचे.

बाबांनी मराठवाड्यात तीस वर्षं बस चालवली. रिटायर झाल्यावर लकवा मारला, उजवी बाजू गेली, म्हणून मी त्यांना इथे आणलं. पहिलं वर्ष ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, नाहीतर नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांचं मन रमवा. जसं काही ते दुकानात पुडीत बांधून मिळतं. मग समोर ट्रॅक सुरू झाला आणि एक दिवस बाबा आपणहून म्हणाले, मला गॅलरीत ने.

त्यानंतर घरात वेगळाच माणूस राहायला आला. चारला गाड्या सुटायच्या, हे साडेतीनलाच खुर्चीत. दाढी केलेली, शर्टाची बटणं लावलेली. प्रत्येक वळणाला त्यांचा डावा पाय खाली दाबला जायचा. क्लच! या गाड्यांना क्लच नसतो, गिअरही नसतो, असं मी एकदा सांगितलं तर म्हणाले, "मग ही गाडी हाय का पाळणा?" पण बघणं सोडलं नाही. नंबरावरून ते गाड्या ओळखायचे, कोण वळणावर घाबरतो, कोण उगाच शायनिंग मारतो, सगळं रात्री जेवताना आम्हाला ऐकावं लागायचं. बायको कंटाळायची, मीही. आता वाटतं, ऐकायला काय जात होतं माझं?

आता सोसायटीचं सांगतो. आमच्या बिल्डिंगमध्ये गुजराती, मारवाडी, यूपीवाले. मराठी म्हणून आमचं एकच घर. नवीन आलो तेव्हा आमच्या हॉलमधला निळ्या कोटातला फोटो बघून काही जणांना नेमका चहा नको असायचा, आत्ताच घेतलाय म्हणायचे. मी लक्षात ठेवलं नाही असं म्हणेन, पण ठेवलं होतं. मग पाणी येत नाही म्हणून पालिकेला एक अर्ज द्यायचा होता, आणि तिथे मराठीत लिहिलेला अर्ज लवकर हलतो असं कोणीतरी म्हणालं. मी लिहिला. पाणी आलं. झालं! तेव्हापासून मी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि गटार, दिवे, कुत्रे, झाडाची फांदी, काहीही असलं की सेक्रेटरीसाहेबांना बोलवा. तेच शेजारी दिवाळीला मिठाई घेऊन येऊ लागले आणि चहाही पिऊ लागले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि वरून मला सगळं फार छान दिसायला लागलं.

ट्रॅकचा त्रास होता तो पार्किंगचा. रविवारी बाहेरच्या गाड्या आमच्या गेटसमोर लागायच्या. मीटिंगमध्ये सगळे तापले. पण पार्किंगच्या तक्रारीला कोण विचारतं? आजारपणाचं काहीतरी घाला, असं एका माहीतगाराने सुचवलं. त्यावर चेअरमन माझ्याकडे वळून म्हणाले, आपके पिताजी तो बीमार हैं ना. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं की माझे वडील त्या ट्रॅकवरच जगतायत. एक वाक्य! माझी जीभ रेटली नाही. मी म्हणालो, हो, टाकतो.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसलो. गॅलरीतून बाबांचा आवाज येत होता, कुणाला तरी ते वरून शिकवत होते, मध्येच मोठ्याने हसत होते. आणि मी लिहिलं: "माझे वयोवृद्ध वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले असून सदर ट्रॅकच्या कर्णकर्कश आवाजामुळे ते वारंवार दचकतात व त्यांची प्रकृती दिवसेंदिवस खालावत आहे." वाक्य जमलं म्हणून मला बरं वाटलं. मग कपाटातून त्यांचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड काढलं, झेरॉक्स केली आणि सोबत जोडली.

असे अर्ज पडून राहतात, याचंही काही होणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. नेमका हाच धावला. ट्रॅकवाल्याची कसलीशी परवानगी अपुरी होती, ते उघडकीला आलं, आणि महिन्याभरात गेटला कुलूप लागलं. सोसायटीने जिलेबी-फाफडा आणला. मी खाल्ला. दोनदा घेतला.

बाबा रोज साडेतीनला बसत राहिले. आज सुट्टी का, विचारायचे. मी म्हणालो, दुरुस्ती चाललीय. मग म्हणालो, लायसन संपलं. त्यावर त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, तू तर चांगले अर्ज लिहितोस म्हणे, मग एक लिही की. लिही, एक म्हातारा रोज बघायचा, त्याचा वेळ जायचा. मी म्हणालो, बघू. हळूहळू त्यांनी दाढी करणं सोडलं. एक दिवस खुर्ची हॉलमध्ये आणायला सांगितली.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात ट्रॅकवाला उभा, हातात डझनभर केळी. भांडायला आला असता तर बरं झालं असतं, भांडायला मी तयार होतो. तो चप्पल बाहेर काढून आत आला, सरळ बाबांच्या खुर्चीपाशी गेला आणि वाकला.

"काका, माला ठावूक न्हवतं. तुमाला तरास होतोय असं कोन बोललं असतं तर मी दुपारचं बंद ठेवलं असतं."

खिशातून त्याने अर्जाची कॉपी काढली, मागे डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स टाचलेली. पत्ता अर्जावरून मिळाला, म्हणाला. गाड्या विकल्या, आता परत इंजिनांचं काम करतोय, पण एका आजारी माणसाला आपल्यामुळे त्रास झाला ही गोष्ट मनातून जात नव्हती म्हणून आलो. बाबांनी कागद डाव्या हाताने घेतला. बघितला. माझं अक्षर ते माझ्या पहिलीपासून ओळखतात.

मी तिथेच उभा होतो. आता ते बोलणार, बोलायलाच पाहिजे, असं मला वाटत होतं. नोकरीत एक खोटा शब्द लिहून द्यायला नकार दिला म्हणून या माणसाने सहा महिने बदलीवर काढले होते.

बाबा माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "व्हायचा थोडा त्रास. पण तुझी काय चूक नाही, बाबा."

त्याने त्यांचा हात धरला, चहा घेतला, डोंगरीला या म्हणाला आणि गेला. मी दार लावलं. वळलो तर बाबांनी तो कागद माझ्यापुढे धरला होता.

"वाच."

मी म्हणालो, बाबा, राहू द्या. त्यांचा हात तसाच. मग मी घेतला आणि वाचायला लागलो. वरचा पत्ता, विषय, संदर्भ. पार्किंग. त्यांच्या परिच्छेदापाशी आल्यावर मी थांबलो.

"पुढं," बाबा म्हणाले.

मी पुढे वाचलं. खिळलेले असून, दचकतात, खालावत आहे, सगळं. ते डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते. माझ्या सहीपर्यंत त्यांनी मला वाचायला लावलं.