बंधाऱ्याचा दिवस

गोदाला कोणी वय विचारलं तर ती लग्नापासून मोजते. वरच्या कोंडात नांदायला येऊन तिला चव्वेचाळीस वर्षं झाली. त्याच्या आधीचं ती धरतच नाही. हा कोंड संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायाशी आहे. वीस-बावीस घरं, त्यातली निम्मी बंद, कारण माणसं मुंबईला. घरांच्या खालून डोंगरातला पऱ्या वाहतो. त्याला ओढा म्हणावं तर पावसाळ्यात तो साकवाच्या लहान पुलावरून उड्या मारत जातो, आणि नदी म्हणावं तर उन्हाळ्यात कोंबडीचे पायसुद्धा भिजवत नाही.

दरवर्षी या पऱ्यावर दगडमातीचा बंधारा घालायचा, अडलेलं पाणी पाटानं शेतात न्यायचं आणि त्यावर हिवाळ्यात भाताचं दुसरं पीक काढायचं. त्याला वायंगण म्हणतात. एके काळी सगळा कोंड वायंगण करायचा. आता गोदा आणि आणखी चार घरं. बंधाऱ्याचा दिवस ठरलेला, देवदिवाळीचा, म्हणजे दिवाळीनंतर महिन्याभरानं. त्या दिवशी देवळात देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि मग पहिला दगड ठेवायचा मान केरूचा. केरू म्हणजे गोदाचा नवरा. एरवी माणूस गरीब, पण त्या एका दिवशी त्याची मान इतकी ताठ होते की डोक्यावरची टोपी मागे पडायला बघते.

गेली तीन वर्षं मात्र बंधारा नुसता नावाला उभा राहत होता. देवदिवाळी येईपर्यंत पऱ्याची धार इतकी बारीक व्हायची की पाणी पाटाच्या तोंडाशी चढायचंच नाही. लावलेलं भात डोळ्यांदेखत पिवळं पडायचं. मुलगा रितेश विरारला असतो. तो फोनवर म्हणाला, आता पुरे झालं, दोघं इकडे या. गोदा चिडून बोलून गेली की यंदाचं वायंगण गेलं तर मुकाट्यानं येईन. बोलून गेली आणि फसली, कारण दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतली ती नाही. विरारच्या खोलीत आठ दिवस राहिली तरी तिचा जीव कासावीस होतो.

पण गोदाला एक गोष्ट ठाऊक होती, जी कोंडातल्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हती. पुरुष धुणी धुवत नाहीत ना. पऱ्यात बायकांचा धुण्याचा एक सपाट दगड आहे. पूर्वी तो देवदिवाळी उलटली की पाण्यातून वर यायचा. तोवर सगळ्या जणी काठाशी वाकून कशाबशा धुवायच्या. आता तो दिवाळीच्या पाडव्यालाच कोरडा. पूर्वी पाऊस चार महिने संथ लागायचा आणि डोंगर ते पाणी पोटात धरून हळूहळू सोडायचा. हल्ली तो आठ दिवसांत धो धो ओतून मोकळा होतो. सगळं पाणी माती घेऊन खाडीकडे पळतं, डोंगराला मुरवायला उसंत कुठली? वर ऊन हे असं, दिवाळीतही घामाच्या धारा. गोदाला कोणी आलेख काढून दाखवला नव्हता. तिचं गुडघाभर पाणी घोट्यावर आलं होतं, एवढं तिला पुरेसं होतं.

यंदा दिवाळीत तिनं नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता विषय काढला. बंधारा आत्ताच घालू, म्हणाली. केरूचा घास हातातच राहिला.

"दिवस देवानं ठरवलेला हाय," तो म्हणाला. "त्यो आपन कसा बदलनार?"

"देवानं न्हाय, पान्यानं ठरवलेला," गोदा म्हणाली. "आपल्या मानसांनी आदी पानी बगितलानी, मंग दिवस धरलानी. आमी नुसता दिवस धरून बसलाव."

 केरूचं भय अगदीच खोटं नव्हतं. चार वर्षांपूर्वी काही पोरांनी असाच लवकर बंधारा घातला होता. मागाहून अवकाळी पाऊस आला आणि बंधारा, दोन घमेली आणि एक चांगली पहार घेऊन गेला. हसं झालं ते वेगळंच. आता या वयात आपलं तसं झालं तर तोंड कुठे लपवायचं, हे त्याच्या मनात होतं. तरी दुसऱ्या दिवशी काठी टेकत तो पऱ्यावर गेला आणि दगडावर धुणं आपटणाऱ्या बायकांकडे बघत इतका वेळ उभा राहिला, की त्या बायकाच अवघडल्या.

गोदानं त्याच्या होकाराची वाट पाहिली नाही. भाऊबीज झाली आणि ती सात जणींना घेऊन पाण्यात उतरली. त्यांनी दोन्ही काठांकडून बंधारा रचत आणला. दगड, मध्ये निगडीच्या फांद्या, वर चिखल, आणि मातीनं भरलेल्या सिमेंटच्या गोण्या. मधोमध मात्र दोन हात वाट मोकळी सोडली. पाऊस आलाच तर लोंढ्याला जायला जागा हवी. ती वाट दिवस आला की बुजवू, असं ती सगळ्यांना सांगत होती. कंबर धरली, हातांची सालं निघाली, आणि थट्टा करायला काठावर कोंडातला गंगाराम गावकर होताच. खिंडार बांधायला एवढ्या बायका कशाला, असं त्यानं विचारलं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पाऊस आलाच. दीड दिवस कोसळला.  गोदाला समोर विरारची खोली दिसायला लागली. पाऊस थांबल्यावर ती बघायला गेली तर केरू आधीच तिथे. लोंढा मधल्या वाटेनं निघून गेला होता. एका बाजूचे सात-आठ दगड ढळले होते, बाकी बंधारा जागच्या जागी. केरूनं धोतर खोचलं आणि तो ढळलेले दगड परत लावायला लागला. दुपारी गंगारामही पहार घेऊन आला.

देवदिवाळीला गाऱ्हाणं झालं. केरूनं आपला मानाचा दगड ठेवला, फक्त यंदा तो मधल्या वाटेत बसला. वर गोण्या पडल्या. दिवस कलता कलता पाणी पाटात शिरलं आणि गोदाच्या शेतापर्यंत पोचलं. ती चिखलात उभी राहून रडली, चांगली हमसून रडली, आणि तिनं ते लपवलंही नाही.

सगळं काही साधलं असं नाही. फाल्गुन लागला तसं पाणी ओसरलं, शेताशेताला पाण्याच्या पाळ्या लावाव्या लागल्या, वरचा एक तुकडा गेलाच. पण खालच्या दोन्ही कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, लोंब्या धरल्या. शिमग्याला रितेश आला. येताना त्यानं आईवडिलांचं सामान न्यायला एक मोठी बॅग आणली होती. तो शेताच्या बांधावर जाऊन आला आणि त्यानं बॅगेचा विषयच काढला नाही. जेवताना त्यानं बापाला विचारलं, पुढच्या वर्षी बंधाऱ्याचं काम कधी धरायचं, म्हणजे मी रजा टाकतो.

केरूनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"माला काय इचारतोस? तुज्या आयशीला इचार. आता दिवस ती सांगल."

चव्वेचाळीस वर्षांत या माणसानं तिला कोणासमोर कधी बरं म्हटलं नव्हतं. गोदाला इतका आनंद झाला की हातातली भाकरी कोणाच्या ताटात वाढायची हेच तिला क्षणभर सुचेना.

"आत्ता कसा सांगू?" ती म्हणाली. "पानी बगीन नि फोन करीन. तू रजा तेवडी शिल्लक ठेव."