आंजीला कॉफी शिकायला गेले, त्याची हकिकत

भाचीच्या प्रवासाच्या ब्लॉगवर आज मी घुसखोरी करते आहे. ती लडाखला जाऊन आली, मी फार तर आंजीला. पण तो प्रवास पन्नासच्या दशकातला, आणि एका पेल्यासाठी केलेला. तेव्हा वाचून तर बघा.

माझी आई लहानपणी वर्ध्याजवळच्या आंजीला, गावाबाहेरच्या एका छोट्याशा आश्रमात वाढली. तिथं चहा वर्ज्य होता. ज्वारी भाजून, जाडसर दळून तिची गूळ घातलेली कॉफी प्यायची, हा तिथला रिवाज. लग्न होऊन आई नाशिकला आली ती हा रिवाज घेऊनच. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यासाठी चहा कायमचा सोडला. दोघं सकाळी ओसरीवर बसून ती काळी, कडसर कॉफी प्यायची. आई स्वयंपाकात पक्की, फक्त एक खोड होती. संध्याकाळी ज्वारी चुलीवर टाकायची आणि मध्येच उठून मागच्या पायरीवर जाऊन बसायची. मग दादा बाहेरून ओरडायचे, "अगं, करपतंय!" आत यायची घाई न करता ती म्हणायची, "करपू दे जरा."

आई गेली आणि दादांची सकाळ रिकामी झाली. चहा ते घेईनात. मी कॉफी करायची, ज्वारी डोळ्यांत तेल घालून भाजायची, एक दाणा काळा पडू द्यायची नाही. दादा म्हणायचे, "छान झालीय हो." आणि पेला अर्धा ठेवायचे. गहू घालून पाहिला, हरभरे घालून पाहिले. पेला अर्धाच. त्या उरलेल्या अर्ध्या पेल्यानं मला रडू यायचं. शेवटी मी शिकवायची त्या शाळेतून रजा काढली आणि ठरवलं, जिथली कॉफी तिथंच जाऊन शिकायची.

नाशिक रोडहून बायकांच्या डब्यात बसले. कोळशाच्या धुरानं भुसावळपर्यंत माझं पातळ राखाडी झालं. भुसावळला केळी घ्या, हे मी आजही सगळ्यांना सांगते. बडनेऱ्याला एक बाई चढल्या, बूड टेकायच्या आधी चौकशी सुरू.

"कोठी जाऊन राह्यली वं पोरी?"

"वर्ध्याला. कॉफी शिकायला."

"अवं बाप्पा! कॉफी शिकाले वर्ध्याले कायले जातं? तेथी तर आश्रमवाले चहाबी पिऊ देत नाई!" असं म्हणून त्यांनी हसत हसत मला शिदोरीतली भाकर आणि ठेचा दिला. ठेचा इतका जहाल की वर्धा येईपर्यंत मी बोलले नाही.

जानेवारी होता. वर्ध्याला स्टेशनबाहेर संत्र्यांचे ढीग आणि बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहिला होता. तांगेवाल्यानं नवखी पाहून भाडं दुप्पट सांगितलं आणि मीही नाशिकची असल्यानं निम्म्यावर आणलं. आर्वीच्या मोटारीनं आंजीला उतरले. आज जाल तर एसटीनं सुखात पोचाल. पिपरी मेघे तेव्हा शेतांमधलं खेडं होतं, आता म्हणे वर्ध्याला जाऊन चिकटलं आहे. तेव्हा मात्र मोटारीतून उतरेपर्यंत हाडं खिळखिळी झाली.

आश्रमात आता चार-पाच माणसंच उरली होती. गिरजामावशी या आईच्या लहानपणच्या मैत्रीण. मला पाहिलं आणि हातातला झाडू टाकून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुही मायच आली वं," म्हणाल्या, आणि दोघीही रडलो. मग त्यांनी तुरीच्या कोवळ्या दाण्यांची आमटी वाढली. ती चव शब्दांत सांगता येणार नाही, तुम्ही थंडीत जाऊन खा.

मी आल्याचं कारण सांगितल्यावर मावशी हसल्या. "कॉफीत काय शिकतं? दाणे भाजाचे, दळाचे, उकळाचे. तुले काई वेगळं दिसलं तर मलेबी सांगजो."

संध्याकाळी त्या भाजायला बसल्या. मातीचं खापर, खाली निखारे, ज्वारी तीच, गूळही तसाच. खरंच काही वेगळं नव्हतं. मी हिरमुसले. एवढी लांब आले ती काय हे बघायला? दाणे तांबूस झाले आणि अंगणातली प्रार्थनेची घंटा वाजली. मावशी तशाच उठल्या.

"मावशी, खापर?"

"राहू दे."

मी ते उतरवायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं. "घंटा झाली का हातातलं काम तसंच सोडाचं. अठी पहिल्यापासून असंच हाय. चाल."

प्रार्थनेत माझं काडीचं लक्ष नव्हतं. करपल्याचा वास अंगणभर पसरत होता आणि माणसं डोळे मिटून शांत बसली होती. परत आलो तर खालचे दाणे काळे, वरचे तांबूस. मावशींनी ते एकत्र ढवळले. "लोकं जास्त गायले का कॉफी कडू," त्या म्हणाल्या. "तुही माय तर आखरीचं भजन मुद्दाम लांबवे!"

दाणे दळून, उकळून झाल्यावर पेला तोंडाला लावला. हीच. आमच्या ओसरीवरची. आमच्या घरामागच्या देवळात संध्याकाळी आरतीची घंटा व्हायची. आई काही विसरत नव्हती. नाशिकच्या घंटेला ती आंजीच्या रिवाजानं हातातलं काम सोडत होती, आणि आम्ही सगळे तिला धांदरट म्हणत होतो.

निघताना मावशींनी ज्वारीची पुरचुंडी दिली. "दादाले पाजजो. आन् येजो वं परत." पुन्हा जाणं झालं नाही. ती रुखरुख आहेच.

घरी पोचले त्या संध्याकाळी ज्वारी भाजायला टाकली. देवळात घंटा झाली. मी उठले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. हात शिवशिवत होते, वास येऊ लागला होता, तरी बसून राहिले.

आणि ओसरीवरून हाक आली, "अगं, करपतंय!"

ती हाक माझ्यासाठी नव्हती. दादांनाही ते लगेच कळलं असावं. माझे डोळे भरून आले होते. तरी म्हटलं, "करपू दे जरा."

सकाळी दादा ओसरीवर बसून पेला सावकाश, तळापर्यंत प्यायले. "तिची याहून थोडी जास्त करपायची," म्हणाले, आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

मी तो भरला. आता दादाही नाहीत, मावशीही नसतील. मी अजून ज्वारी भाजते. गॅस बारीक करून पायरीवर जाऊन बसते आणि कोणी हाक मारतं का, ते ऐकते.