मालगाडी जाईपर्यंत

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी माझी पत्नी वारली. मुलगी तेव्हा पहिलीत होती. दुपारी शेजारच्या काकूंनी तिला जेवू घातलं आणि संध्याकाळी मी तिला घरी आणलं.

हे सत्याण्णव सालचं. मी आळेफाट्याच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचो. घर पिंपरी पेंढारला, सासुरवाडी नगरजवळ. सासू-सासऱ्यांना माझी पत्नी एकटीच. तेराव्याला सासूबाईंनी विषय काढला, पण माझ्याकडे बघून नाही. उंबऱ्याकडे बघत म्हणाल्या, "पोरीची जात. घरात बाईमाणूस न्हाई." मी "बघू" म्हणालो. मग असं ठरलं की शाळा चालू असताना मुलगी माझ्याकडे राहील, महिन्यातला एखादा शनिवार-रविवार आणि सगळ्या सुट्ट्या आजीकडे. चौथीपासून तिला तिकडच्या शाळेत घालायचं की नाही ते तेव्हा पाहू. 'तेव्हा पाहू' हे मी म्हटलेलं. तिकडे फक्त 'चौथीपासून' एवढंच पोचलं.

ने-आण करायची जागा सासऱ्यांनी सुचवली. आमच्याकडून निघालेली एसटी आण्याचं पठार ओलांडून नगरकडे जाते. नगरच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून थोडं आत चाललं की रेल्वेचं फाटक लागायचं. फाटकाला लागून एक पत्र्याचं हॉटेल होतं. सासरे गावाहून शेतातल्या वाटेने त्यांची जुनी राजदूत घेऊन तिथवर यायचे. चहा व्हायचा, मुलगी त्यांच्या मागे बसायची, आणि मी उलट्या एसटीने परत.

हॉटेल म्हणजे पुढे भट्टी आणि मागे चार बाकडी. ती मागची बाकडी रुळांकडे तोंड करून मांडलेली होती, आणि रूळ इतके जवळ की हात लांबवला तर लागतील असं वाटायचं. मध्ये एक तार ओढलेली. पोरांना ती दिसावी म्हणून तिला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. हॉटेल चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. फाटक पडलं की त्या भट्टीजवळूनच ओरडायच्या, "ग्लास धरा!" आणि बसलेली सगळी माणसं आपापला चहाचा ग्लास उचलून छातीशी धरायची. नवखा माणूस हसायचा. मग गाडी यायची आणि त्याचा ग्लास टेबलावरून चालत चालत कडेला जायचा.

माझ्या मुलीने त्याआधी रेल्वे पाहिली नव्हती. आमच्या जुन्नरात रेल्वे नाही, शेजारच्या आंबेगावातही नाही. पहिल्या खेपेला लांबून इंजिन दिसलं तशी ती तारेपाशी गेली आणि एसटीला करतात तसा तिने हात आडवा केला. गाडी थांबली नाही. धडधडत, डिझेलचा गरम वास अंगावर टाकत समोरून निघून गेली. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "पप्पा, भरलेली असंल."

आई गेल्यापासून तिने आपणहून बोललेलं पहिलं वाक्य ते. मावशींना काय ठाऊक. त्या कपाळावर हात मारून हसल्या. "कुठलं गं तू?"

"पिंपरी पेंढार. जुन्नर."

"आगं बाई. म्हणून! मास्तर, तुमच्याकडं रेल्वे कवा येणार वो?"

"सर्वे झालाय, मावशी."

"सर्वे लई झालं वो. बघाय येत्यात, पोहे खात्यात, कळवतो म्हणून जात्यात. पोरगी आपली तशीच घरात."

यावर सासरेही हसले. त्यांना हसताना पाहून मला बरं वाटलं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला मालगाडी आली. मुलगी तारेपाशी, आमच्याकडे पाठ करून उभी. सासरे बाकड्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. इंजिन पुढे गेलं आणि एकामागून एक काळ्या वाघिणी सुरू झाल्या. मला सासऱ्यांची पाठ हलताना दिसली. आधी वाटलं बाकडंच हलतंय. मग चेहरा दिसला. तोंड उघडं होतं. ते मोठ्याने रडत होते, आणि मी हातभर अंतरावर असून मला त्यांचा आवाज येत नव्हता. लेकीच्या मयताला त्यांनी लाकडांपासून सगळं उभं राहून केलं होतं. आलेल्यांना पाणी विचारलं होतं. जावयासमोर सासरा रडत नाही आणि सासऱ्यासमोर जावई तर नाहीच, आमच्याकडची माणसं अशीच वाढलेली.

शेवटचा गार्डाचा डबा गेला. त्यांनी टोपी काढली, टोपीनेच तोंड पुसलं आणि ती पुन्हा घातली.

"धूळ लई उडती, पावणं."

"हो मामा."

पुढच्या महिन्यात मीही रडलो. ते माझ्याकडे न बघता समोर बघत राहिले. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही यावर, पण दोघंही मालगाडीची वाट पाहत चहा लांबवायला लागलो. एक्सप्रेस पुरत नसे. ती आली म्हणेपर्यंत गेलेली असायची. मावशी न बोलता समजल्या असाव्यात. मालगाडी जाईपर्यंत त्या भट्टीशी काहीतरी करत राहायच्या, मागे फिरकत नसत.

मुलीचं मात्र प्रेम एक्सप्रेसवर. तिला डब्यांवरच्या पाट्या वाचायच्या असत. गाडी वेगात असली की अर्धंच नाव हाती लागायचं. ते ती घरी येईपर्यंत तोंडात घोळवायची, आणि मग आम्ही दोघं कंदिलाशेजारी, आमच्याकडे वीज नेहमी संध्याकाळीच जायची, माझ्या शाळेचा नकाशासंग्रह उघडून ते गाव शोधायचो. जम्मू सापडलं तेव्हा तिने बोटाने नगर ते जम्मू अंतर मोजलं. म्हणाली, "एवढं लांब जाणाऱ्या माणसांना आपण चहा पिताना दिसलो असू." मी इतकी वर्षं भूगोल शिकवला, पण नकाशात आपण कुणाला दिसतो हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षापर्यंत 'ग्लास धरा'ची आरोळी मुलीकडे गेली होती. मावशींनीच दिली. "माझा घसा बसतो, तू वरड." ती भट्टीपाशी जाऊन पोटातून ओरडायची. ट्रकवाले, ऊसतोडीला निघालेले बाप्ये, सगळे निमूट ग्लास उचलायचे. जी मुलगी वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणत नाही अशी तक्रार असायची, ती ही.

आजीकडून निरोप येत राहायचे. ते सासरे अवघडून, रुळांकडे बघत सांगायचे. "घरनं सांगितलंय, डोक्यात उवा झाल्यात." किंवा, "फ्रॉक आखूड झालाय म्हणत्यात." एकदा म्हणाले, "ह्या टायमाला उवा कमी निघाल्या." ते मी कौतुक म्हणून घेतलं. त्याच सुमारास घोडेगावला दिलेली माझी थोरली बहीण माझ्यासाठी स्थळं बघू लागली होती. मी नको म्हटलं. ती ऐकणारी नव्हती, पण मी जाऊन बघणारा नव्हतो, म्हणून तो विषय संपला असं मी धरून चाललो.

मुलगी तिसरी पास झाली. सुट्टी आजीकडे काढून ती परत आली आणि मेच्या अखेरीस सासऱ्यांचा गावातल्या फोनवरून निरोप आला, शाळा उघडायच्या आत पोरीला कायमची आणा. मी नाही म्हणू शकलो असतो. पण लेक गेलेल्या त्या दोघांकडे काय उरलं होतं? माझ्याकडे रोज मुलगी होती, त्यांच्याकडे महिन्यातून दोन दिवस आणि सुट्ट्या. आपल्याला हवी म्हणून आपण तिला धरून ठेवायची, हे मला बरोबर वाटेना. मी तिचे कपडे भरले. तिने का म्हणून विचारलं नाही. स्वतःचं कंपासपेटी-दप्तर आणून बॅगेशेजारी ठेवलं.

फाटकापाशी पोचलो तर सासरे आधीच येऊन बसलेले. मावशींनी बॅगेकडे बघितलं.

"आज लई सामान?"

"आता ती तिकडेच राहणार, मावशी."

"हां," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागल्या.

त्या दिवशी मुलगी तारेपाशी गेली नाही. आमच्या दोघांच्या मध्ये बसली. फाटक पडलं. ती ओरडली नाही, म्हणून मावशींनाच ओरडावं लागलं. मालगाडी होती, लांबलचक. सासरे रडले नाहीत. ते मुलीच्या कानाजवळ वाकून काहीतरी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, बराच वेळ. गाडी गेली आणि एकदम सगळं शांत झालं.

"काय म्हणालात, मामा?"

"काय न्हाई. धूळ उडती."

"धूळ नाही म्हणाले," मुलगी म्हणाली. ती समोर बघत, धडा म्हणून दाखवावा तशी बोलत होती. "आजोबा म्हणाले, तुला न्यायला माझा जीव धजत न्हाई गं पोरी. तुझ्या बापाकडं तू सुखात हाईस. पर त्याचा दुसरा संसार व्हायचा हाय, आन आपण आड यायचं न्हाई. म्हणून नेतोय. बापाला राग धरू नको."

"ए, गप की," सासरे म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"दुसरा संसार? मामा, कुणाचा?"

"घोडेगावच्या ताईंचा निरोप आला व्हता. पोरीची सोय झाली तर स्थळ जमतंय म्हणून. आता जावयाला हे सासऱ्यानं इचारायचं व्हय? आमी म्हटलं, सोय करू."

"मी कुठलंच स्थळ बघितलं नाही. मला करायचंच नाही."

ते माझ्याकडे वळले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं. "मग ही बॅग कशाला भरली तुमी?"

"तुम्हाला ती हवी म्हणून. आईंना हवी म्हणून."

"हवी हाय तर! कुणाला नको? पर आपल्याला हवी म्हणून सोडून न्यायची व्हय? लेकरू हाय राव, वासरू न्हाई."

मग मुलगी म्हणाली, "मी सांगू?"

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"शाळा पप्पांकडची. सुट्टी आजोबांकडची. आणि मध्ये इथं यायचं."

"झालं!" मावशी भट्टीजवळून म्हणाल्या. त्या सगळं ऐकत होत्या, लपवायचाही प्रयत्न नव्हता. "येवढं ठरवायला दोन बाप्यांना दोन वर्सं लागली. ह्यांच्या तालुक्यात रेल्वे येणार कशी!"

सासरे हसले, आणि हसता हसता रडायला लागले. या वेळी रुळांवर काहीच नव्हतं. समोर नुसती बाभळ, फाटक उघडं, आणि एक बैलगाडी रूळ ओलांडत होती. त्यांनी टोपीने तोंड झाकलं नाही. मीही तोंड फिरवलं नाही. मुलगी दोघांच्या मध्ये पाय हलवत बसून राहिली.

निघताना त्यांना घोर लागला. "हिच्या आजीला काय सांगू? रिकामा गेलो तर घरात घ्यायची न्हाई." मुलीने बॅग उघडली, दोन फ्रॉक काढले आणि त्यांच्या हातात दिले. "हे दिवाळीच्या सुट्टीचे." त्यांनी ते नायलॉनच्या पिशवीत घालून राजदूतच्या हँडलला अडकवले. शेताच्या वाटेने पिशवी हेलकावत गेली.

जूनमध्ये सासूबाई स्वतः आल्या. लेक गेल्यानंतर त्या पहिल्यांदा आमच्या घरी येत होत्या. हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघू लागल्या. ज्वारीच्या कोठीत हात घातला, कडुनिंबाचा पाला वर आला.

"ह्यो कुणी शिकवला?"

"तुमच्या लेकीने."

त्यांनी पाला परत ज्वारीत दाबला, झाकण लावलं आणि कोठीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मुलीला हाक मारली, "ये, डोकं बघू." पंधरा दिवस राहिल्या. पोळ्या लाटताना मला म्हणाल्या, "आमटी बरी करता. मीठ कमी टाका." जाताना चौथीचा विषय काढला नाही.

त्यानंतरही आम्ही फाटकावर जात राहिलो, मुलगी एकटीने एसटीत बसण्याएवढी मोठी होईपर्यंत. मालगाडीसाठी थांबायची गरज हळूहळू राहिली नाही. कधी आली तर बघायचो. सासरे तिला वाघिणींत काय असेल ते ओळखायला सांगायचे: कोळसा, सिमेंट, खत. मग दोघांत पैज लागायची आणि हरलेल्याने भजी आणायची.

आता ते फाटक राहिलेलं नाही. वरून पूल गेला आहे. मावशींनी हॉटेल मोठ्या रस्त्यावर नेलं, चांगलं चालतं म्हणतात. सासरे गेल्या श्रावणात गेले. मयताला मी मोठ्याने रडलो. माणसं बघत होती. दहाव्याला भावकीत चर्चा झाली, म्हातारीला कुणाकडे ठेवायचं. कुणी तिला विचारत नव्हतं, म्हणून मुलीने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, जावयाच्या घरी राहत नसत्यात, पर मी राहीन.

मुलगी पुण्यात शिकते, सुट्टीला येते. पिंपरी पेंढारच्या घरात आता मी आणि सासूबाई राहतो.