मास्तरांचा चामड्याचा देठ

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून माणसाच्या मेंदूचा देठ वळला. चामड्याच्या वाद्यांचा. असलं काम सांगणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आमच्या माडीवरचे भाडेकरू मास्तर. डॉक्टरकीच्या कॉलेजात मढी फाडून शिकवायचे. रिटायर झाले, पण शिकवणं सुटलं नाही. रॉकेलच्या रांगेत पुढच्याच्या मानेला बोट लावून सांगायचे, "हात हलवायचा हुकूम इथून खाली जातो." पुढचा डबा टाकून पळायचा. जेवताना शेवग्याच्या शेंगेचे दोरे सोडवत बसायचे, तोवर भाकरी गार.

अर्धांगानं बायकोचा उजवा हात पडला. मास्तर म्हणाले, बिघाड डोक्यात डावीकडं आहे. मी अडाणी. आठ दिवस डोक्याच्या डाव्या बाजूलाच तेल चोळलं. अर्धं डोकं चकचकीत, अर्धं कोरडं. मास्तर हसले नाहीत.

आम्ही चपला करणारे. पट्ट्यावरची वेणी ती घालायची, तिची वेणी बघून गिऱ्हाईक यायचं. हात परत चालंल का, एवढंच तिला पाहिजे होतं. मास्तर रोज सकाळी तिच्या उजव्या हातात आपलं बोट द्यायचे. "दाबा ताई." मूठ मिटायची नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी वाद्या मागून घेतल्या. ह्या हुकमाच्या दोऱ्या समजा, म्हणाले. मेंदूतून निघतात, देठाच्या मधल्या भागात, त्याला पूल म्हणतात, तिथं विस्कटतात, खाली परत गोळा होतात, आणि मान सुरू व्हायच्या जरा वर डावीकडच्या उजवीकडं जातात, उजवीकडच्या डावीकडं. हे सांगता सांगता त्यांनीच गुंता केला. तिनं डाव्या हातानं सोडवला.

"एक आड एक घ्या की मास्तर. एवढं शिकून वेणी येत न्हाय व्हय?"

दोन वाद्या त्यांनी सरळच सोडल्या. त्या ओलांडत नाहीत म्हणे, उजवीकडच्या उजवीकडंच उतरतात. तिनं लगेच धरलं, "मग त्या दोनांवर माझा हात चालंल."

खोटं बोलायचं त्या माणसाला जमत नव्हतं. "त्यांच्या जोरावर धड सावरून बसता येईल ताई. वेणी नाही."

तिनं त्या दोन वाद्या डाव्या हातानं ओढून सरळ केल्या. मग माझ्याकडं बघत म्हणाली, "बसता येतंय न्हवं? ह्यांची वेणी चुकली की बसून सांगीन."

पहाटे दुसरा झटका आला. दुपारी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ठरल्या वेळेला जिना उतरले. सवयीनं बोट पुढं केलं आणि तिच्या जागेकडं बघत तसेच उभे राहिले. बोट मागं कसं घ्यावं ते त्यांना कळेना. मीच ते मुठीत धरून दाबलं.

"जोर आहे," म्हणाले.

सुतकात कामाला हात लावू नये म्हणतात. मी वाद्या भिजवल्या आणि वेणी घालायला बसलो. तिसऱ्याच फेऱ्याला चुकली. मास्तर शेजारी बसून बघत होते, पण त्यांना ते कळलं नाही.