सगळे निरोप रितेशकडे

रितेश आज सकाळी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला डोळखांबला मामाकडे गेला आणि त्याचा मोबाइल लागत नाही. लागणारही नाही. माझं माहेरच ते. तिथे रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागतं, आणि आमचे चिरंजीव दुसऱ्यासाठी जिनासुद्धा चढत नाहीत. एरवी दोन दिवस घर शांत म्हणून मला बरं वाटलं असतं. आज मात्र त्याच्या दवाखान्यातला फ्रीज डोळ्यांसमोरून हलत नाही. सगळे झोपले आहेत आणि मी हे लिहीत बसले आहे.

या मुलाला लहानपणापासून एकच हौस. प्रत्येक गोष्ट त्याच्या हातून गेली पाहिजे. तो शाळेत होता तेव्हा मुरबाडच्या आमच्या आळीत फोन फक्त आमच्याकडे होता. कोणाचाही फोन आला की हाच धावून उचलायचा आणि निरोप पोटात ठेवून आळीभर मिरवायचा.

"पोरा, माझ्या भागीचा फोन आलता का रं?" शेजारची धोंडूबाई विचारायची.

"आलता."

"मंग काय बोलली?"

"आधी बोरं दे."

भागी बाळंत झाल्याचं धोंडूबाईला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण आदल्या दिवशी साहेब गोट्या खेळण्यात गुंतले होते. त्याचे वडील कौतुकाने हसले. मी एक थोबाडीत दिली, ती वाया गेली.

पुढे बी.कॉम. अर्ध्यात सुटलं. कल्याणला कम्प्युटरचा कोर्स झाला, इथल्या एका खासगी दवाखान्यात औषधांचा साठा कम्प्युटरवर ठेवायचं काम मिळालं, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून स्वारी जेवायलाही बसू लागली. मागच्या महिन्यात म्हणाला, "आई, मी ट्रिगर लावलाय."

"म्हणजे काय केलंस?"

"कम्प्युटरला आधीच सांगून ठेवायचं. साप चावल्यावर देतात त्या इंजेक्शनच्या फ्रीजमधल्या बाटल्या वीसच्या खाली गेल्या, की तो आपणहून मोबाइलवर मेसेज टाकणार. कोणी मोजायला नको, आठवण ठेवायला नको."

कल्पना चांगली होती. मी विचारलं, "कोणाच्या मोबाइलवर?"

"माझ्या."

"डॉक्टरांच्या का नाही?"

"त्यांना परस्पर कळलं तर मला कोण विचारणार?"

आणखी नंबर घालायला तिथे जागा होती म्हणे. याने ती मुद्दाम रिकामी ठेवली, आणि हे सांगताना त्याची छाती फुगली होती. बोरांच्या जागी आता मान हवा, एवढाच काय तो फरक.

सध्या भाताची लावणी चालू आहे. माणसं दिवसभर चिखलात उभी असतात. आज संध्याकाळी बाजारात त्या दवाखान्यातली नर्स वंदना भेटली.

"साप चावलेले लय आले गो काकू या आठवड्यात. आज दुपारी पण एक आणलेला, शेतातून उचलून. धा बाटल्या लागल्या, पण वाचला."

"मग इंजेक्शनं नवीन मागवली का?"

"त्ये रितेशदादाचं काम. कमी झाली का कम्प्युटर सांगतो ना त्याला. आमी आता मोजत पण नाय."

म्हणजे दुपारनंतर बाटल्या वीसच्या खाली गेल्या असतील, तर ते फक्त रितेशच्या मोबाइलला कळणार. तो मोबाइल आहे डोळखांबला, चिंबोऱ्यांच्या टोपलीशेजारी. सोमवारी स्वारी येईल, मेसेज वाचेल आणि दवाखान्यात ऐटीत सांगेल की बघा, माझा ट्रिगर कसा चालतो. उद्या कोणाला शेतातून उचलून आणलं आणि फ्रीज रिकामा निघाला, तर त्या माणसाने सोमवारपर्यंत थांबायचं का?

डॉक्टरांना सांगायचं तर त्यांच्या नंबरची जागा याने मुद्दाम रिकामी ठेवली, हेही सांगावं लागेल. पोराची नोकरी जाईल. दुसरी मिळायला त्याच्या अंगात काय आहे, हे आईला माहीत असतं. तास झाला, याच एका विचाराने मी फोनकडे न जाता लिहीत राहिले आहे. पण डॉक्टरांना आत्ता कळलं तर ते फ्रीज उघडून बघतील, आणि सकाळच्या पहिल्या जीपने कल्याणहून बाटल्या आणवतील.

त्यांच्या घरचा नंबर फोनच्या वर भिंतीला टांगलेल्या कॅलेंडरवर रितेशनेच लिहून ठेवलाय. खाली लाल रेघ मारून लिहिलंय, 'मला विचारल्याशिवाय लावू नये.'

लावते.